स्टेबल प्रक्रियेचं कमाल मूल्य दर रनला वेगळं येतंय? कोड उसवण्याआधी हे तपासा

दर सत्राच्या शेवटी, प्रकल्प जमा करायच्या आठवड्यात, मला हा प्रश्न ठरलेला असतो. "सर, स्टेबल प्रक्रियेचं सिम्युलेशन केलंय, कमाल मूल्य काढलंय, पण उत्तर बसतच नाही. एका रनला चौदाशे, दुसऱ्याला पंचावन्न हजार. सीड बदललं की सगळं बदलतं. कोड कुठे चुकलाय?" सोबत दोनशे ओळींचा कोड जोडलेला. मी हल्ली तो कोड आधी उघडतच नाही. निम्म्या वेळा कोडमध्ये काही चुकलेलं नसतं. उरलेल्या निम्म्यात चूक असते खरी, पण विद्यार्थी जिथे शोधतोय तिथे नसते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्याच त्याच गोष्टी किती वेळा सांगायच्या, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

सुरुवातीला शब्दांचा घोळ मिटवू, कारण मराठीत शिकवताना तो हमखास होतो. 'स्टेबल' आणि 'स्टेशनरी' या दोन्हीला आपण 'स्थिर' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की स्थिर म्हणजे हळूहळू एका आकड्यावर येऊन ठरणारं. तसं अजिबात नाही. स्टेबल वितरण म्हणजे ज्याच्या स्वतंत्र प्रतींची बेरीज केली तरी वितरणाचा आकार तोच राहतो, फक्त पट बदलते. एन प्रतींची बेरीज ही एका प्रतीच्या 'एन चा १/अल्फा घात' इतकी पसरते (हवं तर थोडी सरकते). अल्फा ० ते २ मधला. २ असेल तर नॉर्मल, १ आणि सममित असेल तर कॉशी. पॉल लेव्हीने १९२०च्या दशकात हा सिद्धान्त उभा केला. स्टेशनरी म्हणजे काळ पुढे सरकवला तरी प्रक्रियेचे नियम न बदलणारी. एखादी प्रक्रिया यातली एक असेल, दुसरी नसेल, किंवा दोन्ही असेल. स्टेबल लेव्ही प्रक्रिया (स्वतंत्र स्टेबल वाढींची बेरीज करत पुढे जाणारी) स्टेबल असते पण स्टेशनरी नसते, तिच्या फक्त वाढी स्टेशनरी असतात. म्हणून या लेखात मी 'स्थिर' हा शब्दच टाळतो. स्टेशनरी म्हटलं की वह्या-पेन्सिलींचं दुकान आठवतं, त्याला इलाज नाही.

मग मी विचारतो, कुठलं कमाल? या एकाच शब्दाखाली तीन वेगळी कामं चालतात: स्वतंत्र स्टेबल आकड्यांच्या नमुन्यातला सर्वांत मोठा आकडा, स्टेबल लेव्ही प्रक्रियेने ० ते १ या काळात गाठलेली सर्वाधिक उंची, आणि परस्परावलंबी स्टेशनरी स्टेबल मालिकेतला सर्वांत मोठा आकडा. तिन्हींची सूत्रं वेगळी आहेत. पहिल्याचं सूत्र तिसऱ्याला लावून "बसत नाही" म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

लक्षण पहिलं: दर रनला उत्तर वेगळं, सरासरी ठरत नाही

हा बहुतेक वेळा आजार नसतोच. कॉशीचं उदाहरण घ्या, तिथे हिशेब कागदावर होतो. १०,००० स्वतंत्र प्रमाण कॉशी आकडे घेतले तर त्यांच्या कमाल मूल्याचा मध्यक साधारण ४,५९० येतो. शंभर रन केले तर त्यातले नव्वद साधारण १,०६० ते ६२,००० यांच्या मध्ये पडतील. म्हणजे दोन टोकांत जवळजवळ साठ पटींचा फरक, आणि तरीही सगळं नियमात. तेवढेच प्रमाण नॉर्मल आकडे घेतले तर तोच नव्वद टक्क्यांचा पट्टा ३.४ ते ४.४ इतका चिंचोळा असतो. आपली नजर नॉर्मलवर तयार झालेली असते, म्हणून कॉशीचं वागणं चुकल्यासारखं दिसतं.

कारण सरळ आहे. अल्फा २ पेक्षा कमी असला की वितरणाची शेपूट घाताने उतरते. एक्सच्या पुढे जाण्याची संभाव्यता 'एक्सचा वजा अल्फा घात' या प्रमाणात. अशा नमुन्यात सर्वांत मोठा आकडा इतरांपेक्षा थोडा मोठा नसतो, तो वेगळ्याच इयत्तेतला असतो. त्याला एन च्या १/अल्फा घाताने भागलं की वितरण फ्रेशेच्या सीमेकडे जातं. फ्रेशेने ते १९२७ साली मांडलं, फिशर आणि टिपेट यांनी १९२८ साली तिन्ही प्रकारच्या सीमा एकत्र आणल्या, आणि ग्नेडेन्कोने १९४३ साली सिद्धता पूर्ण केली. या फ्रेशे वितरणाची शेपूटही त्याच अल्फाची. म्हणजे भागल्यावरसुद्धा कमाल मूल्य एका आकड्यावर बसणार नाही, ते कायम एक पसरलेलं वितरणच राहणार. एन वाढवून हे मिटत नाही.

आता सरासरीचं. अल्फा १ किंवा कमी असेल तर कमाल मूल्याची अपेक्षित किंमत अनंत असते. तुम्ही हजार रनची सरासरी काढा की दहा लाखांची, मिळणारा आकडा कशाचाच अंदाज नसतो. अल्फा १ ते २ च्या मध्ये असेल तर सरासरी असते, पण व्हेरिअन्स अनंत. मग चूक 'रनच्या संख्येचा वजा (१ − १/अल्फा) घात' या वेगाने घटते. अल्फा १.५ ला हा घात एक तृतीयांश येतो. नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये चूक निम्मी करायला चौपट रन लागतात, इथे आठपट. आणि नमुन्यावरून काढलेला विश्वासांतर पट्टा तर निव्वळ दिशाभूल, कारण तो ज्या व्हेरिअन्सवर उभा आहे तो अस्तित्वातच नाही.

उपाय: सरासरी सोडा, मध्यक आणि चतुर्थके काढा, आणि आलेख लॉग मापावर घ्या. मला वाटतं या एका बदलाने मला येणारे निम्मे प्रश्न बंद व्हावेत, पण अहवालाच्या नमुन्यात 'सरासरी ± प्रमाण विचलन' असा रकाना आधीच छापलेला असतो आणि तो रिकामा ठेवायची कोणाची हिंमत होत नाही.

लक्षण दुसरं: ग्रिड बारीक केलं की कमाल वाढतच जातं

इथे मात्र खरी चूक असते. आणि ती मी स्वतः केलेली आहे, त्यामुळे दुसऱ्याला हसत नाही.

स्टेबल लेव्ही प्रक्रिया ० ते १ मध्ये सिम्युलेट करायची तर काळाचे एन तुकडे करायचे (हेच ग्रिड), प्रत्येक तुकड्यासाठी एक स्टेबल वाढ काढायची, बेरजा करत जायचं. वाढीचं माप, म्हणजे पसरण्याची पट, 'तुकड्याच्या लांबीचा १/अल्फा घात' हवं. ब्राउनियन गतीची (नॉर्मल वाढींच्या, म्हणजे अल्फा २ च्या प्रक्रियेची) सवय असलेला हात तिथे वर्गमूळ लिहून टाकतो. अल्फा १.५ असेल तर त्यामुळे सगळी प्रक्रिया एन च्या एक षष्ठांश घाताने फुगते. एन १,००० असताना सुमारे ३.२ पट, दहा लाख असताना दहापट. इतकी हळू वाढ, की चूक आहे हे कळायलाच वेळ लागतो. विद्यार्थ्याला वाटतं ग्रिड बारीक झालं म्हणून जास्त खरी उंची सापडतेय.

दुसरी चूक जास्त कावेबाज आहे. स्टेबल वितरण लिहिण्याच्या दोन रूढ पद्धती आहेत, त्यांना एस-शून्य आणि एस-एक म्हणतात. बीटा, म्हणजे तिरपेपणा, शून्य असेल तर दोन्ही एकच. बीटा शून्य नसेल तर त्यांच्या स्थानात 'बीटा गुणिले माप गुणिले टॅन(पाय अल्फा भागिले २)' इतका फरक पडतो. पायथनच्या सायपायमध्ये काही सांगितलं नाही तर एस-एक धरलं जातं, आर मधल्या स्टेबलडिस्ट पॅकेजमध्ये काही सांगितलं नाही तर एस-शून्य (तिथे पद्धत 'पीएम' या प्राचलाने ठरते). तेच चार आकडे (अल्फा, बीटा, माप, स्थान) दोन्हीकडे टाका, दोन वेगळी वितरणं मिळतात आणि दोन्ही दिसायला गुळगुळीत, निर्दोष.

एकट्या नमुन्यात हा फरक म्हणजे नुसतं सरकणं. पण लेव्ही प्रक्रियेत तोच फरक एन वेळा बेरजेत पडतो आणि त्याचा उतार तयार होतो. अल्फा १.५, बीटा ०.५ घ्या. एस-शून्यात स्थान ० ठेवून वाढी काढल्या तर प्रत्येक वाढीत मापाच्या अर्ध्याइतकी फुकटची भर पडते. १,००० तुकड्यांना एकूण ५, आणि ८,००० तुकड्यांना १०. प्रक्रियेचं माप १ असताना! मी हे जेव्हा केलं तेव्हा आठवडाभर यादृच्छिक अंक तयार करणाऱ्या फंक्शनवर संशय घेत बसलो. चेंबर्स, मॅलोज आणि स्टक यांची १९७६ सालची पद्धत ओळ न ओळ तपासली, ती ठणठणीत होती. चूक होती ती वाढी ज्या दुसऱ्या पॅकेजमधून घेतल्या त्याच्या न वाचलेल्या मदतपानात. काखेत कळसा.

दोन्ही चुका वेगळ्या ओळखायची युक्ती सोपी आहे, आणि त्यासाठी कमाल मूल्याकडे बघायचंच नाही. शेवटच्या बिंदूकडे बघा. एन १००, १,००० आणि १०,००० ठेवून प्रक्रियेच्या शेवटच्या मूल्याचा मध्यक आणि चतुर्थकांमधलं अंतर काढा. सगळं बरोबर असेल तर एन बदलून दोन्ही बदलत नाहीत, कारण शेवटच्या बिंदूचं वितरण ग्रिडवर अवलंबून नसतंच. अंतर वाढत असेल तर मापाचा घात चुकलाय. अंतर तेच राहून मध्यक सरकत असेल तर एस-शून्य आणि एस-एकचा घोळ आहे. बीटा ऋण असेल तर उतार खाली जातो आणि कमाल मूल्य उलट आक्रसतं, तेव्हा लक्षण उलटं दिसेल पण रोग तोच. अल्फा १ च्या जवळ असेल तर टॅन स्फोटक होतो: अल्फा १.०१ आणि बीटा ०.५ ला हा फरक मापाच्या जवळपास ३२ पट येतो. तिथे पॅकेजची मदत वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

अजून एक किरकोळ फसगत: अल्फा २ ठेवून नॉर्मलशी ताडून बघणारे गोंधळतात, कारण माप १ असताना व्हेरिअन्स १ नाही, २ येतो. ही चूक नाही, लिहिण्याची रीतच तशी आहे.

लक्षण तिसरं: परावर्तन तत्त्वाने काढलेलं उत्तर जुळत नाही

ब्राउनियन गतीत शिकलेलं असतं की कमाल एक्सच्या वर जाण्याची संभाव्यता ही शेवटचा बिंदू एक्सच्या वर असण्याच्या दुप्पट. मग स्टेबल प्रक्रियेलाही ते '२' चिकटवलं जातं. सममित आहे ना, मग का नाही?

कारण ब्राउनियन गती एक्सला स्पर्श करून ओलांडते. सममित स्टेबल प्रक्रिया उडी मारते आणि एक्सच्या पार कुठेतरी जाऊन पडते. तिथून परत खाली यायची शक्यता वर राहण्याच्या शक्यतेपेक्षा कमी. त्यामुळे गुणोत्तर २ ला पोचत नाही. एक्स शून्याच्या जवळ असताना ते २ च्या जवळ असतं आणि एक्स मोठा होत गेला की १ कडे उतरतं. मोठी उंची गाठली गेली तर ती जवळजवळ नक्कीच एका उडीने, आणि ती उडी इतकी मोठी की उरलेल्या वेळात प्रक्रिया परत खाली येत नाही. म्हणून शेपटीत 'कमाल' आणि 'शेवटचं मूल्य' एकच होऊन जातात. डार्लिंगने १९५६ साली, बिंगहॅमने १९७३ साली आणि नंतर कुझ्नेत्सोव्हने २०११ साली या कमाल मूल्याचं वितरण निरनिराळ्या वाटांनी सोडवलं. सूत्रं सुंदर आहेत, पण तुम्हाला तपासणीसाठी त्यांची गरज नाही.

तपासणीसाठी मी एक वेगळंच प्रकरण वापरतो. बीटा −१ आणि अल्फा १ ते २ च्या मध्ये ठेवा. अशा प्रक्रियेला वरच्या बाजूला उड्याच नसतात. ती वर सरकत जाते, खाली मात्र कोसळते. वर जाताना ती प्रत्येक पातळी स्पर्श करून ओलांडते, म्हणून परावर्तनासारखा युक्तिवाद इथे चालतो. पातळी गाठल्यावर उरलेल्या काळात वर असण्याची संभाव्यता, उरलेला काळ कितीही असो, १/अल्फा असते. म्हणून कमाल एक्सच्या वर असण्याची संभाव्यता ही शेवटचा बिंदू वर असण्याच्या नेमकी अल्फा पट. ब्राउनियन गतीतला तो '२' म्हणजे मुळात अल्फाच होता! मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा फार गंमत वाटली होती, अजूनही वाटते.

आणि या प्रकरणात वरची शेपूट हलकी आहे, त्यामुळे सरासरी नेहमीच्या वेगाने स्थिरावते. म्हणजे इथे कोड तपासता येतो. अल्फा १.५, बीटा −१, माप १, एस-एक पद्धत, स्थान ०: कमाल मूल्याची खरी सरासरी १.३९६ आहे (माप भागिले 'ऋण चिन्ह टाकलेल्या कोसाइन(पाय अल्फा भागिले २) चा १/अल्फा घात', आणि त्याला पुन्हा गॅमा(१ + १/अल्फा) ने भागायचं). ग्रिडवरची सरासरी याहून थोडी कमी येणार, कारण दोन ग्रिडबिंदूंच्या मधली शिखरं सुटतात. १०० तुकड्यांना १.३५८, १,००० तुकड्यांना १.३८७ यायला हवी. तुमची सरासरी याच्या आसपास असेल तर मापाचा घात, पद्धत आणि बेरजा, तिन्ही बरोबर आहेत. नसेल तर मागच्या भागात परत जा. मग बीटा तुम्हाला हवा तो ठेवा.

ग्रिडमुळे होणारी तूट एन च्या वजा १/अल्फा घाताने कमी होते. म्हणजे ब्राउनियनपेक्षा लवकर. अल्फा जितका लहान, तितकं कमाल मूल्य एखाद-दोन मोठ्या उड्यांवर ठरतं आणि मोठी उडी ग्रिडच्या नजरेतून सुटत नाही. त्यामुळे "ग्रिड पुरेसं बारीक नाही" हे या विषयात क्वचितच खरं कारण असतं, पण सगळे आधी तेच बदलतात आणि लॅपटॉप रात्रभर गरम ठेवतात.

लक्षण चौथं: मालिका परस्परावलंबी आहे आणि कमाल अपेक्षेपेक्षा खूप लहान येतंय

हा भाग मला सगळ्यांत आवडतो, आणि पाठ्यपुस्तकं सहसा याच्या उंबरठ्यावर थांबतात.

सोपी बाजू आधी. समजा मालिका अशी आहे: आजचं मूल्य म्हणजे कालच्या मूल्याच्या ०.९ पट अधिक नवा सममित स्टेबल धक्का, अल्फा १.५. तुम्ही एका आकड्याचं वितरण बघता, त्यावरून १,००० स्वतंत्र आकड्यांच्या कमालचा अंदाज काढता, आणि प्रत्यक्ष कमाल बरंच लहान निघतं. कारण मोठे आकडे झुंडीने येतात. एक मोठा धक्का आला की पुढची दहा-पंधरा मूल्यंही त्याच्याच सावलीत मोठी राहतात. नवे उमेदवार नव्हेत, त्याच धक्क्याचे पडसाद. याचं माप म्हणजे एक्स्ट्रीमल इंडेक्स. इथे तो '१ वजा ०.९ चा अल्फा घात', म्हणजे साधारण ०.१४६. हजार आकडे, पण कमाल मूल्याच्या दृष्टीने जेमतेम १४६ स्वतंत्र आकडे. हेच दुसऱ्या बाजूने पाहिलं तर आणखी सोपं होतं: या मालिकेचं कमाल म्हणजे जवळजवळ नेमकं सर्वांत मोठ्या धक्क्याचंच कमाल. मालिकेचं स्वतःचं माप मोठं आहे, पण ते पडसादांच्या बेरजेने मोठं झालेलं आहे, त्याने शिखर उंच होत नाही. (०.९ च्या जागी −०.९ असेल तर निरपेक्ष मूल्याच्या कमालला हाच इंडेक्स चालतो, पण चिन्हासकटच्या कमालला चालत नाही. एक मोठा खालचा धक्का दुसऱ्याच दिवशी वर उसळतो, मग तोही उमेदवार होतो.)

इथपर्यंत वाढीचा दर तोच होता, एन चा १/अल्फा घात. फक्त गुणक बदलला. आता खरी अडचण.

दुसरी एक मालिका घ्या: आधी एकच धन स्टेबल आकडा काढा, अल्फा/२ चा, आणि त्याचं वर्गमूळ घ्या. मग स्वतंत्र नॉर्मल आकड्यांची मालिका काढा आणि प्रत्येकाला त्याच वर्गमुळाने गुणा. हिला सब-गॉसियन म्हणतात. प्रत्येक आकड्याचं वितरण पाहिलं तर सममित स्टेबल, अल्फा नेमका तोच. स्टेशनरीसुद्धा आहे. पण एका मालिकेत गुणक एकदाच पडलेला, त्यामुळे त्या मालिकेपुरती ती निव्वळ नॉर्मल आहे. तिचं कमाल '२ लॉग एन च्या वर्गमुळा'च्या गतीने रांगतं. एन १०,००० ला ही वाढ ४.३ च्या आसपास. अल्फा १.५ असताना एन चा १/अल्फा घात ४६४ होतो. एकच अल्फा, एकेका आकड्याचं एकच वितरण, आणि कमाल मूल्यांत शंभर पटींचा फरक.

म्हणजे फक्त अल्फा सांगून कमालबद्दल काहीच सांगता येत नाही. मग काय सांगावं लागतं? रोसिन्स्कीने १९९५ साली दाखवलं की कुठलीही स्टेशनरी सममित स्टेबल प्रक्रिया वेगवेगळ्या जातीच्या स्वतंत्र तुकड्यांत फोडता येते, आणि सामोरोद्नित्स्कीने २००४ साली ते कमाल मूल्याशी जोडलं. मी ते वर्गात असं सांगतो. धक्के दोन प्रकारचे. एक पाहुण्यासारखे: येतात, काही काळ घर डोक्यावर घेतात, निघून जातात, आणि परत दुसरे पाहुणे येतात. दुसरे भाडेकरूसारखे: पहिल्या दिवसापासून तेच, फिरून फिरून जिन्यात तेच भेटतात. गणितात पहिल्याला डिसिपेटिव्ह म्हणतात, दुसऱ्याला कॉन्झर्व्हेटिव्ह. पाहुणे असतील तर काळ वाढेल तशी नव्या मोठ्या धक्क्यांची सोडत रोज नव्याने निघते, म्हणून कमाल एन च्या १/अल्फा घाताने वाढतं. नुसते भाडेकरू असतील तर नवी सोडत जवळजवळ निघतच नाही, आणि कमाल त्या दरापेक्षा निश्चितपणे हळू वाढतं. किती हळू, ते भाडेकरू किती दिवसांनी परत जिन्यात भेटतात यावर. दोन्ही मिसळलेले असतील तर पाहुण्यांचाच आवाज ऐकू येतो. म्हणून सामोरोद्नित्स्कीच्या मते लघुस्मृती आणि दीर्घस्मृती यांच्यातली सीमा इथे आखावी, आणि मला ते पटतं. सहसंबंध मोजून ती आखता येत नाही, कारण व्हेरिअन्सच अनंत असताना सहसंबंध कसला काढणार? हेच निष्कर्ष काळाऐवजी जाळीवर पसरलेल्या क्षेत्रांसाठी पार्थनिल रॉय आणि सामोरोद्नित्स्की यांनी २००८ साली पुढे नेले.

आता निदान. एकाच मालिकेवरून सब-गॉसियन प्रकार ओळखू येत नाही. ती मालिका नॉर्मलच दिसणार, आणि विद्यार्थी म्हणणार "सर, शेपूट जड नाहीच." पुष्कळ मालिका काढा आणि प्रत्येक मालिकेत एक गुणोत्तर काढा: निरपेक्ष मूल्यांचं कमाल भागिले निरपेक्ष मूल्यांचा मध्यक. सब-गॉसियनमध्ये सामायिक गुणक वर-खाली कटून जातो आणि १०,००० आकड्यांना हे गुणोत्तर दर मालिकेत ६ च्या आसपास येतं. स्वतंत्र आकडे असतील तर अल्फा १.५ ला त्याचा मध्यक तीनशेच्या घरात असतो आणि दर मालिकेत ते उड्या मारतं. दोन्ही मालिकांना एकच अल्फा असूनही. गुणोत्तर ६ ला चिकटलेलं दिसलं तर कोडमध्ये लूपच्या बाहेर काढलेला एखादा स्टेबल आकडा शोधा. बऱ्याचदा विद्यार्थ्याने सब-गॉसियन मालिका मुद्दाम बनवलेलीच नसते. स्टेबल सदिश तयार करायची सोपी कृती म्हणून कुठून तरी ती उचललेली असते, आणि त्या कृतीत हा सामायिक गुणक दडलेला असतो.

लक्षण पाचवं: आकृतिबंध बरोबर, पण आकडे पाचपट चुकतात

अल्फा २ च्या जवळ असताना हे होतं. एन चा १/अल्फा घात लावला, पण शेपटीचा स्थिरांक ('एक्सचा वजा अल्फा घात' याला गुणणारा आकडा) विसरला. अल्फा १.५ ला दोन्ही बाजू मिळून हा स्थिरांक ०.४० आहे, अल्फा १.९ ला ०.०९६, आणि २ कडे जाताना तो शून्य होतो. सममित वितरणात एका बाजूला त्याचा अर्धा. अल्फा १.९ आणि १,००० आकडे घेतले तर नुसता घात ३८ देतो, स्थिरांक धरून साडेसात-आठ येतं. शेपूट जड आहे, पण ती फार लांब गेल्यावर सुरू होते.

याच कारणाने हिलचा अंदाजक (सर्वांत मोठ्या मोजक्या आकड्यांवरून अल्फा काढणारा), १९७५ सालचा, इथे फसवतो. खरा अल्फा १.८ किंवा १.९ असताना तो खुशाल २ पेक्षा मोठा आकडा देतो, आणि मग "डेटा स्टेबल नाही" असा निष्कर्ष अहवालात जातो. मॅकुलॉक यांनी १९९७ साली आणि वेरॉन यांनी २००१ साली यावर स्पष्ट इशारा दिलेला आहे. शेपटीचे मोजके आकडे घेण्यापेक्षा मॅकुलॉक यांची १९८६ सालची शततमकांवरची पद्धत वापरा, ती सगळ्या नमुन्याकडे बघते.

गटांची कमाल मूल्यं घेऊन सामान्यीकृत टोकमूल्य वितरण (जीईव्ही) बसवत असाल तर आकाराचा प्राचल १/अल्फा असतो, म्हणजे कायम अर्ध्याहून मोठा. ०.१ किंवा ०.२ येत असेल तर तीन शक्यता बघा: बीटा −१ आहे आणि तुम्ही वरची बाजू मोजताय, मालिका सब-गॉसियनसारखी आहे, किंवा अल्फा २ च्या जवळ असून गट फार लहान आहेत. गट दसपट मोठे करून पुन्हा बसवा. प्राचल वर सरकला तर तिसरी.

मला कोड पाठवणार असाल तर कोडाआधी एवढं लिहा: तिन्हींपैकी कुठलं कमाल, अल्फा, बीटा, एस-शून्य की एस-एक, एन, आणि तीन वेगवेगळ्या एन ला शेवटच्या बिंदूचा मध्यक व चतुर्थकांचं अंतर. हे सहा-सात आकडे काढता काढता परवा एका मुलीचा अर्धा ईमेल लिहून झाला होता, आणि खाली तिने लिहिलं होतं, "सर, राहू द्या, पीएम बरोबर एक लिहायचं राहिलं होतं."